शेवाळाची डबी आणि भारतीची बोटं

आमली, सिल्वासा
१२ जानेवारी २०२५

खडोलीच्या कारखान्यातल्या चाळणी आणि पॅकिंग विभागातल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

या देशाची प्रतिकारशक्ती डबीत कोण भरतं? आपण भरतो! समुद्रातलं शेवाळ येतं, वाळतं, दळलं जातं, आपल्या चाळणीतून गाळलं जातं, आपल्या हातांनी कॅप्सूलमध्ये शिरतं आणि 'सागरबल' असं नाव लावून शहरातल्या साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर जाऊन बसतं. आणि त्या चाळणीपाशी दिवसभर खोकतं कोण? तेही आपणच! देव-दानवांनी समुद्र घुसळला तेव्हा दानवांना अमृत मिळालं नाही, पण त्यांना निदान पंगतीला तरी बसवलं होतं. आपल्याला कोणी पाटही मांडला नाही! सगळ्यांच्या डब्या भरणाऱ्या हातांत स्वतःची एक डबी का नाही?

(इथे टाळ्या.)

प्रिय मंजू,

वरचा मजकूर तुझ्यासाठी नाही, गेटसभेसाठी आहे. पण सुरुवात इतकी जमून आली की ती कुणालातरी पाठवल्याशिवाय राहवेना. फोन का केला नाही असं विचारू नकोस. फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

आमच्या मागण्या दोन. एक, चाळणीच्या खोलीत धूळ ओढून घेणारा मोठा पंखा. दोन, प्रत्येक कामगाराला दरमहा सागरबलची एक डबी. पंख्यात भाषणाला फारसं काही नाही गं. पंखा म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवत नाहीत. अमृत म्हटल्यावर वाजवतात.

तू गोव्यात समुद्रातल्या शेवाळांवर आणि स्पंजांवर संशोधन करतेस. मला या शेवाळाबद्दल शास्त्राचा आधार हवा. फार नको, एकच वाक्य दे, पण ठणठणीत दे.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या वहिनीची बोटं. सकाळी मूठ वळत नाही, पोळपाट उचलवत नाही. डॉक्टरांनी आमवात सांगितला आणि दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली, हे तुला ठाऊक आहे. परवा मी त्यांना सरळ विचारलं, ही गोळी करते काय? तर ते शांतपणे म्हणाले, "प्रतिकारशक्ती कमी करते." कमी! मंजू, सारा देश काढे पिऊन, गोळ्या खाऊन ती वाढवायला निघालाय, आणि हा गृहस्थ पांढरा कोट घालून माझ्या बायकोची कमी करतोय! मी दवाखान्यातच उभा राहून बोलणार होतो, पण भारतीने माझा शर्ट मागून ओढला.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं, उद्यापासून ती गोळी बंद. मेडिकलमधून मी स्वतः सागरबल आणलंय. सकाळ-संध्याकाळ एकेक. ती "बरं" म्हणाली. तिचं हेच मला आवडतं. पटलं की वाद घालत नाही.

वाक्य लवकर पाठव.

तुझा
सुकदेवदादा


पणजी
१९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तुझ्या समुद्रमंथनातून अमृताच्या आधी विष निघालं होतं. ते तू भाषणातून वगळलंस.

सगळ्यात आधी वहिनींची गोळी. ती बंद करू नकोस. वहिनींची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती वाट चुकलीय. बाहेरच्या जंतूंशी भांडायचं सोडून ती त्यांच्याच सांध्यांवर चाल करून गेलीय. डॉक्टर तिला आवरतायत. अशा वेळी तिला आणखी चेतवण्याची खटपट करणं म्हणजे घरात हाणामारी चालू असताना दोघांच्या हातात काठ्या देणं. वाचलंस? पुन्हा वाच.

आता शेवाळ. समुद्रातले पुष्कळ जीव जागचे हलत नाहीत. स्पंजाला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. कोणी खायला आलं तर पळणार कसं? म्हणून तो रसायनं बनवतो, आणि त्यातली काही फार गुणाची निघतात. काही मोठ्या आजारांवरच्या औषधांची सुरुवात अशा स्पंजांपासूनच झाली. पण त्यातली काही रसायनं आपल्या अंगातल्या पहारेकरी पेशींना जागं करतात आणि काही त्यांना झोपवतात. समुद्र कुणाच्या एकाच्या बाजूने नाही, दादा.

तुमच्या तपकिरी शेवाळात फ्युकोइडान नावाची एक साखरेसारखी लांबलचक साखळी असते. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर ती टाकली की परिणाम दिसतो. पण बशी म्हणजे माणूस नाही. गिळल्यावर एवढी मोठी साखळी पोटातून रक्तात फारशी जात नाही. माणसांवरचे अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. त्यावरून निरोगी माणसाचंसुद्धा काही खात्रीने सांगता येत नाही, वहिनींसारख्यांचं तर नाहीच. शिवाय ती रक्त पातळ करू शकते, म्हणजे तशी औषधं चालू असलेल्यांनी जपायला हवं.

आणि चाळणीवर तुम्ही खोकता ते प्रतिकारशक्ती नाही म्हणून नव्हे, ती आहे म्हणून. छातीत धूळ गेली की शरीर ती बाहेर ढकलतं. त्यावर उपाय पंखा. तुझ्या भाषणात पंखा आला नाही तरी चालेल, खोलीत आला पाहिजे.

वहिनी गोळी घेतायत ना, एवढं एका ओळीत कळव.

मंजू


आमली, सिल्वासा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजू,

विजय! संपूर्ण विजय!

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पाल्हाळ फार आहे, पण मध्ये एक वाक्य हिऱ्यासारखं सापडलं. ते काढून गेटवर कापडी फलकावर लाल अक्षरांत रंगवलं: 'आमच्या प्रयोगशाळेत परिणाम दिसतो! — शास्त्रज्ञ मंजुषाताई, गोवा.' बशी घेतली नाही. फलकाला लांबीची मर्यादा असते.

मी चांगला दणकून बोललो. फ्रान्समध्ये लोकांनी पाव मागितला आणि राजवाडा हादरला, इथपासून सुरुवात केली. बोलता बोलता पॅकिंगच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं धुळीनेही असेल.) चाळणीवरची सगळ्यात जुनी बाई म्हणजे आपल्या शिरपूरकडची कोंडाबाई. तिला दमा आहे, पंप ओढते. ती उठून म्हणाली, "भाऊ, डबी भेटनी का मी मना पंप फेकी दिसू!" डबी मिळाली की पंपच फेकून देणार! असा विश्वास मी आजवर कुणाच्या तोंडी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. शेठ स्वतः हजर, शेजारी सारंगसाहेब, म्हणजे आमचे पुण्याचे मॅनेजर. मी दोन तासांची तयारी करून गेलो होतो. अजून पहिला चहा संपला नव्हता, तोच शेठ हसत म्हणाले, "आपी दो, आपी दो! बधाने आपी दो!" सगळ्यांना देऊन टाका! कामगार चळवळीच्या इतिहासात इतक्या लवकर कोणी शरण आलेलं मी तरी वाचलेलं नाही. माझी उरलेली सगळी वाक्यं तशीच राहून गेली, याची मला रुखरुख आहे.

त्या बदल्यात करारात एक किरकोळ ओळ आहे: पंख्याची मागणी आम्ही मागे घेतो. पंखा काय, पुढच्या वर्षी बघू.

करारावर सही २ मार्चला, गेटसमोर, जाहीर. आणि सहीच्या आधी पहिली कॅप्सूल कोण घेणार, ठाऊक आहे? तुझी वहिनी! सगळ्यांसमोर ती कॅप्सूल गिळेल आणि डॉक्टरांच्या गोळ्यांचं पाकीट गटारात टाकेल. कारण ती चालतंबोलतं प्रमाण आहे. मंजू, तिची मूठ वळायला लागलीय! काल तिने भाकरी थापली. मी ती भाकरी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. तुझ्या अभ्यासात असली भाकरी आहे का?

दादा

ता. क. — तू विचारलेलं एका ओळीत: गोळी बंद, तब्येत उत्तम.


पणजी
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

हे पत्र दादाला दाखवू नका. तो यातलंही एखादं वाक्य रंगवेल.

तुम्ही गोळी खरंच बंद केलीय का? केली असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. मूठ वळतेय हे वाचून आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण त्या गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि सोडल्यावर काही आठवड्यांत दुखणं परत उसळू शकतं. २ मार्चला गेटवर तुम्ही काय करणार आहात? फोन करणार होते, पण तो उचलतो दादा.

मंजू


आमली
१७ फेब्रुवारी

प्रिय मंजूताई,

आधी माझं अक्षर बघा. दिवाळीत मला पेन धरवत नव्हतं. आता एवढं लांब पत्र लिहितेय, यावरून समजा.

गोळी मी एकदाही चुकवली नाही. रविवारी हे मीटिंगला गेले की घेते. यांनी "बंद कर" सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या "बरं"चा अर्थ यांना अजून कळलेला नाही. 'बरं' म्हणजे ऐकलं.

आणि त्या सागरबलच्या कॅप्सुली? फेकून द्यायला जीव होईना, विकतच्या वस्तू. रोज दोन उघडून गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालते. कढीपत्त्याला फायदा नाही, तोटाही नाही. तुमचं बशीतलं संशोधन मी कुंडीपर्यंत आणलंय असं समजा.

पण आता अडचण झालीय. यांना वाटतं मी कॅप्सूलने बरी झाले. सकाळी मी कणीक मळायला लागले की दारात उभे राहून बघतात. एकदा तर डोळे पुसले. तेव्हा सांगायला तोंड उघडेना. नंतर दोनदा सांगायला गेले, तर हे आरशासमोर भाषणाचा सराव करत होते. मी म्हणाले, "अहो, ऐका, ती कॅप्सूल मी घेतच नाही." तर म्हणाले, "वा! विरोधकांचा हाच मुद्दा असणार. बरं झालं तू काढलास." आणि त्याचं उत्तर द्यायला लागले.

कोंडाबाईंनी मला वेगळंच सांगितलं. गोदामात डब्यांची थप्पी छताला लागलीय, विकल्या जात नाहीत, वापरायची तारीख जवळ आलीय. शेठ उगीच हसले नाहीत. पंख्याचा खर्च वाचला आणि माल पण उठला.

आता गेटवर खरं बोलले तर यांचं नाक कापलं जाईल. सगळी खडोली यांना भाऊ म्हणते. यांचं दुसरं काही नाही हो, एवढंच आहे. आणि नाही बोलले तर पंखा जाईल आणि कोंडाबाई पंप टाकतील. मी काय करू? तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा.

भारती


पणजी
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

शेवाळाबद्दल मला पुष्कळ ठाऊक आहे. दादाबद्दल तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

मला एवढंच दिसतं की नाक कापलं गेलं तर दादा दुसरं भाषण करू शकतो. कोंडाबाईंना दुसरी छाती नाही. तुमचं दुखणं, तुमची बोटं, तेव्हा बोलायचा हक्कही तुमचाच. काय झालं ते कळवा. माझी इथे बश्यांसमोर झोप उडालीय.

मंजू


आमली, सिल्वासा
३ मार्च २०२५

प्रिय मंजू,

काल आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातातून माईक काढून घेतला गेला. घेणारी माझी पत्नी होती.

टेबलावर लाल कापड, त्यावर डबी, डबीला झेंडूचा हार. शेजारी करार. कंपनीने स्वतःचा फोटोग्राफरही पाठवला होता. मला तिथेच शंका यायला हवी होती. कुठल्याही लढ्यात मालकाने फोटोग्राफर पाठवलेला नाही. पण तो म्हणाला, "सर, थोडा स्माईल," आणि मी हसलो.

आधी मी बोललो. नेहमीएवढंच. मग भारतीला पुढे बोलावलं. तिने कॅप्सूल उचलली, उजेडात धरून बघितली आणि परत टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे हात केला. मला वाटलं पाणी हवंय. तिने माईक घेतला.

"ही मी घेणार नाही."

मी हसून म्हणालो, "घाबरलीय. अरे, पाणी आणा कुणीतरी."

"पाणी नको. तुम्ही बसा."

मी बसलो. का बसलो ते मला अजून कळलेलं नाही.

ती म्हणाली, "माझी बोटं डॉक्टरच्या गोळीने वळतात. ती मी एकदाही चुकवली नाही. ही शेवाळाची कॅप्सूल मी कढीपत्त्याच्या कुंडीत घालत होते."

मग मागून कुणीतरी विचारलं, "वहिनी, कढीपत्ता कसा आहे?"

"होता तसा आहे."

मंजू, एवढा हशा मला तीस वर्षांत मिळाला नाही.

मग ती म्हणाली, "माझ्या अंगातली प्रतिकारशक्ती कमी नाही, नको तितकी हुशार आहे. बाहेर शत्रू सापडला नाही की घरच्यांवरच मोर्चा काढते. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर तुम्हाला समजेल." सगळी खडोली माझ्याकडे वळून बघायला लागली. मी टेबलावरचा हार सारखा केला.

"आणि तुमचं उलट आहे. तुम्ही खोकता कारण तुमच्या छातीतला पहारेकरी सकाळपासून धूळ ढकलतोय. त्याला टॉनिक कशाला पाजता? धूळ थांबवा ना!"

कोंडाबाई उभी राहिली. "मंग मना पंप फेकू का नको?"

"कोंडाबाई, पंप फेकलात तर मी बिछाना घेऊन तुमच्या घरी राहायला येईन."

"नको माय, मंग घरमा बी भाऊनं भाषण आम्हीच आयकानं का?" म्हणत तिने पंप कमरेला खोचला.

सारंगसाहेब घाईने पुढे आले. "ताई, आपला गैरसमज होतोय. हे संशोधनावर आधारलेलं उत्पादन आहे. फलक बघा, सुकदेवभाऊंच्या बहिणीनेच म्हटलंय."

भारती म्हणाली, "साहेब, तुम्ही रोज घेता का?"

"मी? मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी कसं..."

आणि ते थांबले. फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला.

त्यानंतर साहेबांनी घाम पुसून पेन माझ्यासमोर धरलं. "भाऊ, सही तर करून टाकू." मी उठलो. सगळे माझ्याकडे बघत होते, भारतीही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती घाबरली होती, आणि माझ्यासाठी घाबरली होती. एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या सभा गाजवल्या, पण त्या क्षणी तोंडात तयार वाक्य नव्हतं. मी म्हणालो, "नाही." बस, एवढंच. पेन खाली ठेवलं. घरी आल्यावर भारती म्हणाली, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण.

आम्ही स्कूटरवरून आमलीला आलो. गाडी लावताना विचारलं, "मला घरी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही मला उत्तर दिलंत. चांगलं होतं."

तुझा फलक मी उतरवलाय. तुझं वाक्य अर्धं कापून टांगलं, त्याबद्दल रागावली असशील तर पत्राने रागाव, म्हणजे मला मध्ये बोलता येणार नाही.

पण लढा संपलेला नाही. आज गेटवर नोटीस लागलीय: येत्या सोमवारी, १० मार्चला, सकाळच्या पाळीला आत शिरतानाच टेबल मांडून डब्या वाटणार, आणि जो डबी हातात घेईल त्याला करार मान्य आहे असं धरणार. म्हणजे सही आता माझ्याकडे नाही, प्रत्येकाच्या तळहातावर आहे. मी रात्रभर जागायच्या बेतात होतो, पण भारतीने संध्याकाळीच मला कागद घेऊन बसवलं. समुद्रमंथन काढलं. फ्रान्स काढलं. "टाळ्या" काढल्या. उरलं ते खाली देतो. उद्या छापायला जाईल. शास्त्राची चूक असेल तर कळव. भाषेची असेल तर ती तुझ्या वहिनीची.

दादा

—

चाळणी आणि पॅकिंगच्या बंधूंनो, भगिनींनो,

आधीच्या गेटसभेत मी तुम्हाला डबी मागायला लावली. ती मागणी चुकीची होती.

या शेवाळात औषध असेल, नसेल, ते शास्त्रज्ञ शोधतायत. शोधू द्या. ज्यांना डॉक्टरांनी गोळी किंवा पंप दिला आहे त्यांनी तो चालू ठेवावा, माझं ऐकू नये.

आपल्याला औषधाआधी हवा पाहिजे. आज खोकला आपला आहे आणि धूळ कंपनीची आहे. डबी घेतली की धूळही आपली होईल, आणि मग पंखा मागायला तोंड उरणार नाही.

सोमवारी गेटच्या आत टेबल असेल. टेबलावर डब्या असतील. कुणी ताई म्हणेल, कुणी भाऊ म्हणेल, कुणी फोटो काढेल. भांडू नका, घोषणा देऊ नका, थांबूही नका. दोन्ही हात पाठीमागे बांधा आणि त्या टेबलासमोरून सरळ आत चालत जा.